तारेखालचे गवत

“काऊन गुरुजी, आप्रेशन होऊनही मान दुखतेच काय?”

हा प्रश्न गेल्या चार वर्षांत मी पानठेल्यावर, एसटीच्या थांब्यावर, तेरवीच्या पंगतीत आणि एकदा तर झेंडावंदनाच्या वेळी राष्ट्रगीत संपता संपता ऐकला आहे. विचारणाऱ्याच्या मनात कपट नसते. आपल्याकडे ऑपरेशन हा शेवटचा उपाय समजला जातो. एवढा पैसा लावला, नागपूरला नेऊन गळा चिरला, मणक्यांत स्क्रू बसवले आणि तरीही माणूस मान धरून बसतो, म्हणजे एकतर डॉक्टर चुकला असेल किंवा माणूस बहाणे करत असेल, यापलीकडे तिसरे काही असू शकते हे कोणाच्या मनात येत नाही. पहिले दीड वर्ष ते माझ्याही मनात आले नव्हते. आता आले आहे, आणि ठेल्यावर उभ्या उभ्या सांगण्याइतके ते आटोपशीर नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या पुढच्या एका गावात राहतो. घरापासून अकरा किलोमीटरवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो आणि धाकट्या भावासोबत विहिरीवरची सहा एकर शेती पाहतो. तरुणपणी सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन फवारण्या केल्या, पांदण रस्त्यांवरून मोटारसायकल हाणली, आणि रात्री मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन मान खाली घालून तासन्‌तास तपासल्या. वयाबरोबर मणक्यांमधल्या गाद्या सगळ्यांच्याच झिजतात. त्यात या तीन सवयींनी किती भर घातली याचा हिशेब कोणी मांडून देत नाही, आणि मीही आता तो मागत नाही.

सुरुवात उजव्या फऱ्यापासून, म्हणजे पाठीकडच्या खांद्याच्या हाडापासून झाली. तिथून एक कळ दंडातून अंगठा आणि तर्जनीपर्यंत उतरायची, ओल्या हाताने मोटारीच्या पेटीला हात लागावा तशी. गावातल्या डॉक्टरांनी “मणक्यात गॅप आला” असे सांगितले आणि मी त्यावर दोन वर्षे काढली. आपल्याकडे हा “गॅप” फार सोयीचा शब्द झाला आहे. मान असो, कंबर असो, सगळ्यांनाच गॅप असतो आणि सगळ्यांनाच तीच सुई मिळते. प्रत्यक्षात मानेत सात मणके असतात. पाचव्या-सहाव्या मणक्यांमधून निघणारी चेता, म्हणजे आपण जिला नस म्हणतो ती, अंगठ्याकडे आणि तर्जनीकडे जाते, तर सहाव्या-सातव्या मणक्यांमधली मधल्या बोटाकडे. माझ्या या दोन्ही जागच्या गाद्या बाहेर सरकल्या होत्या. नसांवर तर त्या टेकल्याच होत्या, पण मधल्या नळीतून जाणाऱ्या मज्जारज्जूलाही त्यांनी दाबायला सुरुवात केली होती.

मज्जारज्जू दबला की दुखत असेलच असे नाही, आणि धोका त्यातच आहे. माझ्या हातातून खडू पडू लागला. सदऱ्याच्या गुंड्या लावायला वेळ लागू लागला, आणि कॉलरची गुंडी तर सौ. लावून देऊ लागली. सायंकाळी धुऱ्यावरून चालताना पाय भलतीकडे पडायचा, तेव्हा भाऊ हसून म्हणाला होता, “गुरुजी, दिवसाच घेऊन आले काय?” मीही हसलो. वेचणी झाल्यावर दाखवू, मग परीक्षा झाल्यावर दाखवू, मग मृग पाहून पेरणी आटोपल्यावर दाखवू, असे करत मी आणखी एक हंगाम घालवला. त्याच काळात नस बसवणाऱ्या एका बुवांकडे जाऊन मान दोनदा कडाकड मोडून घेतली आणि फऱ्यावर बिब्याचे चटकेही घेतले. बिब्याचे डाग अजून आहेत. मान मोडून घेतल्याचे ऐकून सर्जनने कपाळाला हात लावला होता, कारण मज्जारज्जू दबलेला असताना मानेला झटका दिला तर माणूस तिथल्या तिथे लुळा पडू शकतो.

ऑपरेशनच्या आधी त्या सर्जनने एक वाक्य अगदी स्पष्ट सांगितले होते. ते मी त्या दिवशी ऐकले, पण कानाआड केले. ते म्हणाले, “हे ऑपरेशन तुमचे हात-पाय आहेत तिथे थांबवण्यासाठी आहे, बिघडत चाललेले थांबेल, काही सुधारेल, पण दुखणे पूर्ण जाईल असा शब्द मी देत नाही.” मी घरी येऊन मायला सांगितले की डॉक्टर म्हणतात, बरं होईल. पुढच्या सगळ्या निराशेचे मूळ या एका भाषांतरात आहे, असे मला आता वाटते.

ऑपरेशन मानेचे असले तरी चीर गळ्याला, पुढून देतात. श्वासनलिका आणि अन्ननलिका बाजूला सारून मणक्यांपर्यंत पोहोचतात, खराब गादी काढतात, तिथे आधाराचा छोटा पिंजरा बसवतात आणि वरून धातूची पट्टी स्क्रूने आवळतात, म्हणजे पुढच्या काही महिन्यांत दोन्ही मणके हाडाने एकमेकांना जुळून एक होतात. ही पुढून जाण्याची पद्धत १९५० च्या दशकापासून चालत आली आहे, म्हणजे ती माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. सर्जनची एक अट होती: खर्रा बंद. तंबाखूतल्या निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा होतो, हे त्यांनी मला समजावून सांगितले आणि माझ्या सौ.ला दटावून सांगितले. मी ऑपरेशनच्या आधी महिनाभर सोडला, नंतर पाचव्या महिन्यात पुन्हा धरला, पुन्हा सोडला. सध्या सुटलेला आहे, एवढेच म्हणतो.

पहिले सहा आठवडे गळ्यात पट्टा होता. ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचे लोढणे बांधतात, तसा तो दिसत असावा, कारण शाळेतली मुले मला पाहायला आली तेव्हा चौथीतल्या एका मुलाने अगदी गंभीरपणे विचारले की गुरुजी, तुम्ही पळून जाता काय. मला हसायचे होते, पण आवाजच निघत नव्हता. गळ्यातून वाट काढताना आवाजाच्या नसेला ताण बसतो आणि काही आठवडे घसा बसतो, हे मला सांगितलेले होते. मात्र ज्याचे पोट आवाजावर चालते त्याला त्या आठवड्यांत काय वाटते, ते सांगता येण्यासारखे नाही. घास गिळतानाही गळ्यात अडकल्यासारखे व्हायचे. भाकर तर दूरच राहिली. माय ज्वारीच्या कण्या ताकात कालवून, पातळ करून द्यायची, आणि मी त्या लहान मुलासारखा चमच्याने खायचो.

तिसऱ्या महिन्यात एक्स-रे झाला. सर्जनने तो उजेडात धरून मला दाखवला. पट्टी जागेवर, स्क्रू जागेवर, हाड धरू लागलेले. पाय आता सरळ पडत होता आणि गुंड्या लागत होत्या. “उत्तम,” ते म्हणाले. मी म्हणालो, “पण साहेब, दुखते.” तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद किंचित उतरला, हे मी पाहिले आणि मलाच अपराधी वाटले. नंतर ज्या दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवले, त्यांनी तर फाइल मिटवून “आता मनावर घेऊ नका” असे सांगून मला वाटेला लावले. तीन तास एसटीत बसून गेलो होतो, तीन तास बसून परत आलो, आणि त्या परतीच्या प्रवासात पहिल्यांदा मला वाटले की आपण खरोखरच नाटक करत असू.

दुखणे दोन तऱ्हेचे आहे. एक मानेच्या मागच्या आणि खांद्याच्या स्नायूंचे; ते जड, ओढल्यासारखे, दुपारनंतर वाढणारे. दुसरे नसेचे, ते जळते, मुंग्या आणते आणि कधी काहीच केलेले नसताना अंगठ्यात करंट सोडते. पहिल्याची सवय होते, दुसऱ्याची अजूनही झालेली नाही. तुटलेली चेता पुन्हा वाढते तेव्हा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, असे वाचल्यावर मी शिक्षकाच्या सवयीने टेप घेऊन मानेपासून अंगठ्यापर्यंतचे अंतर मोजले. ते चौऱ्याहत्तर सेंटीमीटर भरले, म्हणजे सातशे चाळीस दिवस, म्हणजे दोन वर्षांच्या वर. मज्जारज्जूतल्या तंतूंना तर हीदेखील सोय नाही. हा हिशेब फळ्यावर मांडण्याइतका सरळ नसतो हे मला पुढे कळले, पण त्या दिवशी निदान धीर धरण्यासाठी एक आकडा मिळाला.

शब्दही मिळाला, तो बऱ्याच उशिरा. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्याला वैद्यकात जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेचे आजारांचे अकरावे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, त्यात अशा वेदनेला स्वतःचे वेगळे स्थान दिलेले आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर मागे राहणाऱ्या वेदनेचा त्यात स्वतंत्र पोटप्रकार आहे. माझ्या दुखण्याचा यादीत क्रमांक आहे, या गोष्टीने मला जो आराम पडला तो त्या आठवड्यात कोणत्याही गोळीने पडला नव्हता.

पण एक्स-रे चांगला असताना दुखते कसे, याचे उत्तर मला पुस्तकापेक्षा शेतात अधिक नीट समजले. आमच्या शिवारात रानडुकरे आणि रोही यांचा इतका त्रास आहे की आता जवळजवळ प्रत्येकाच्या शेताला सौर झटका मशीनची तार आहे. जनावर तारेला लागले की त्याला झटका बसतो आणि मशीनचा भोंगा वाजतो. पहिल्या वर्षी ऑगस्टच्या झडीत आमचा भोंगा रात्रभर वाजला. भाऊ तीन वेळा कंदील-काठी घेऊन धावत गेला; डुक्कर नव्हते, रोही नव्हता, पायाचा ठसाही नव्हता. सकाळी पाहिले तर तारेखालचे गवत वाढून ओले झाले होते आणि वाऱ्याने तारेला टेकत होते. मशीनला गवत आणि डुक्कर यांतला फरक कळत नाही.

माझ्या मानेत हेच झाले आहे. चार-पाच वर्षे नसा खरोखरच दबलेल्या होत्या, तोपर्यंत भोंगा खरे सांगत होता. डुक्कर आत होते. ऑपरेशनने ते बाहेर काढले. मात्र इतकी वर्षे सतत इशारे वाहून मज्जारज्जू आणि मेंदू यांतली ती यंत्रणा हळवी होऊन बसली आहे, आणि आता एक वाईट रात्र, कूलरचा वारा किंवा बँकेची नोटीस एवढ्या गवतानेही ती वाजते. आवाज खोटा नसतो, मला खरोखरच दुखते. फक्त त्या आवाजाचा अर्थ दर वेळी “आत काहीतरी मोडते आहे” असा नसतो. हे समजल्यावर माझी भीती निम्मी झाली, आणि भीती निम्मी झाल्यावर मान थोडी सैल झाली. मी घाबरून जी मान जपून, आखडून धरत होतो, ते आखडणेच अर्धे दुखणे वाढवत होते.

म्हणून तार कापून टाकावी काय? मुळीच नाही, कारण डुकरे खरोखरच येतात. हाताची ताकद नव्याने कमी होऊ लागली, गुंड्या पुन्हा लागेनाशा झाल्या, चालताना तोल जाऊ लागला, लघवी-संडासवरचा ताबा ढळला, ताप येऊन मान दुखू लागली, किंवा पडल्या-झडल्यानंतर कळ अचानक वाढली, तर तो भोंगा गवताचा समजू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जुळलेल्या मणक्यांच्या वरच्या-खालच्या सांध्यांवर पुढे जास्तीचा भार येतो, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी दाखवून घेणेही चुकवू नये. बाकीच्या दिवशी काम एकच: गवत कापत राहणे.

गोळ्यांचे आधी सांगतो, कारण लोक तेच आधी विचारतात. डायक्लोफेनॅकसारख्या साध्या वेदनाशामक गोळ्या स्नायूंच्या दुखण्यावर काही दिवस चालतात, नसेच्या दुखण्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, आणि महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला त्या महागात पडतात. मी लहान असताना मेलेली ढोरे टाकायच्या जागी गिधाडांचे थवे उतरायचे. पुढे ती दिसेनाशी झाली. ढोरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर आपल्या देशात बंदी आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, हे मला कळते. तरी तालुक्याच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पट्टीच्या पट्टी आणून दीड वर्ष खाल्लेल्या माझ्यासारख्या माणसाने ते रिकामे आकाश एकदा आठवून पाहावे.

नसेच्या दुखण्यासाठी मला आधी प्रिगॅबालिन आणि नंतर रात्री ॲमिट्रिप्टिलिनची अगदी कमी मात्रा मिळाली. पहिले औषध मुळात फेफऱ्यासाठी वापरतात आणि दुसरे मनाच्या उदासीसाठी, पण दोन्ही नसांचा हा खोटा भोंगा मंदावतात. हे मला डॉक्टरांनी समजावले होते म्हणून बरे, कारण मेडिकलवाल्या पोराने चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगितले, “गुरुजी, ही तर टेन्शनवाल्यांची गोळी आहे.” दोन दिवसांत गावात बातमी झाली की गुरुजींच्या डोक्यावर परिणाम झाला. प्रिगॅबालिनने पहिल्या पंधरवड्यात वर्गात गरगरायचे, पाय सुजायचे, आणि वजन चार किलोंनी वाढले. रागाच्या भरात मी ती एकदम बंद केली आणि तीन रात्री घामाने भिजून जागा राहिलो. ही गोळी हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच कमी करायची असते. आज मी फक्त रात्रीची गोळी घेतो. तिने दुखणे जात नाही; झोप लागते, आणि झोप लागली की दुसऱ्या दिवशीचे दुखणे एक पायरी खाली राहते.

खरा बदल वहीने केला. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाईंनी मला रोज चार गोष्टी लिहायला लावल्या: किती झोपलो, काय काम केले, किती वेळ केले आणि दुखणे दहापैकी किती. मी मुलांना गृहपाठ देणारा माणूस, त्यामुळे मला गृहपाठ मिळाला याचा घरात सगळ्यांना फार आनंद झाला. दोन महिन्यांनी वही चाळली तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली. काम केल्याच्या दिवशी दुखत नव्हते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखत होते. मान हलकी वाटली की मी गोठा झाडायचो, तुरीच्या शेंगांचे पोते ओढायचो, शाळेचे महिन्याचे सगळे तक्ते एका बैठकीत भरायचो, आणि मग दोन दिवस खाटेवर.

ही सवय आम्हां शेतकऱ्यांच्या अंगात लाईनने भिनवलेली आहे. शेतीची थ्री फेज लाईन आठ तास येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. आली की माणूस जेवण सोडून धावतो आणि जाईपर्यंत सगळ्या शेताला पाणी देऊन घेतो, कारण पुन्हा केव्हा येईल याचा भरवसा नसतो. अंगात बरे वाटणे ही लाईन समजून मी मानेला तसेच वापरत होतो. बाईंनी सांगितले ते उलटे होते, आणि ते मला ठिबकच्या नळीवरून पटले: बरे असो वा नसो, ठरलेले तेवढेच. वीस मिनिटे वह्या, मग उठून चकरा. पुन्हा वीस मिनिटे. चांगल्या दिवशीही एकविसावे मिनिट नाही, आणि वाईट दिवशीही अगदी शून्य नाही. चालणे पाच मिनिटांपासून सुरू केले आणि आठवड्याला दोन-दोन मिनिटे वाढवत आता पांदणीने नाल्यापर्यंत जाऊन येतो. व्यायाम म्हणाल तर हनुवटी मागे ओढून मान लांब करणे, फरे एकमेकांकडे आणणे, मुठीत स्पंजचा चेंडू दाबणे, एवढाच आहे; पाहणाऱ्याला वाटते की गुरुजी कोणावर तरी रुसले आहेत.

चांगल्या दिवशी हात आवरणे हेच सर्वांत अवघड आहे. वाईट दिवशी थांबायला शहाणपण लागत नाही, शरीरच थांबवते.

बाकी फरक बारीकसारीक आहेत. माणसाचे डोके साडेचार-पाच किलोंचे असते आणि ते रात्रीही कुठेतरी टेकावे लागते, म्हणून पिंजाऱ्याला घरी बसवून सावरीच्या कापसाची उशी समोर भरून घेतली, एका बाजूला उंच आणि मधे खोलगट. तिच्या तीन फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे ती मनासारखी झाली. एसटीत आता मागच्या चाकावरच्या सीटवर बसत नाही, दोन्ही चाकांच्या मधली जागा मिळाली नाही तर पुढची गाडी येईपर्यंत थांबतो. फळ्याचा वरचा अर्धा भाग मुलांना दिला आहे. हात उंच करून लिहिले की कळ उतरते, म्हणून मी खाली लिहितो आणि उंच मुले वर लिहितात. तपासायच्या वह्या पाटावर ठेवून डोळ्यांसमोर आणतो.

शेक देण्याची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगतो. निर्गुडीचा पाला उकळून त्याचा शेक घेतला की स्नायू सैल होतात, हे माय सांगत होती आणि ते खरे आहे. पण माझ्या उजव्या खांद्याजवळच्या थोड्या कातडीला गरम-थंड नीट कळत नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून तिथे लावली आणि रेडिओ ऐकत बसलो. छान वाटत होते. सौ. आत आली आणि म्हणाली, “अवो, कशाचा वास येते?” फडके करपले होते आणि त्याखाली रुपयाएवढा फोड आला होता. तेव्हापासून शेक आधी डाव्या हाताच्या मनगटावर लावून पाहतो, मगच मानेला.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या सायंकाळी भावाच्या अंगणात बैलांची खांदशेकणी होती. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा जिथे घट्ट पडतो, तिथे हळद-तूप लावून पळसाच्या पानांनी शेकायचे आणि “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या” असे म्हणायचे. मी खुर्चीवर बसून पाहत होतो. बैल डोळे मिटून उभा होता. मायने त्याचे झाल्यावर, हाताला लागलेले तूप पुसायचे म्हणून की काय, माझ्या मानेवर हात फिरवला आणि बोटांनी तिथली गाठ चोळू लागली. कळ खरोखरच मागे सरली. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडले होते की वेदनेचा निरोप मज्जारज्जूत एका फाटकातून जातो, आणि स्पर्शाचे, चोळण्याचे निरोप त्याच वेळी पोहोचले तर ते फाटक काही अंशी लोटले जाते. पुढच्या संशोधनाने त्या मांडणीत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मूळ गोष्ट टिकली. मायला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मंग बैलाले हे पह्यलेच मालूम होतं म्हन की.”

या दुखण्याचा जो भाग वहीत लिहिता येत नाही, तोही येथे नोंदवतो. माणसाची मान दुखते तेव्हा त्याची जीभही तिखट होते. मी मुलांवर ओरडलो आहे, पोते उचलायला भावाला एकटे सोडावे लागले म्हणून त्याच्यावरच चिडलो आहे, आणि सौ.ने न बोलता गॅसचे सिलिंडर सरकवलेले पाहून शरमेने घराबाहेर गेलो आहे. कोणाला दिसेल अशी जखम नसते; गळ्यावरची चीर तर आता वळीत मुरून गेली आहे. मग मी एक ठरवले. “कसे आहे” असे घरात कोणी विचारले की “ठीक” म्हणायचे नाही, आकडा सांगायचा. “आज सहा” म्हटले की सौ. समजते आणि धाकटी मुलगी टीव्हीचा आवाज कमी करते. “आज तीन” म्हटले की कामे सांगितली जातात. तक्रारीपेक्षा आकडा सगळ्यांना सोपा जातो, सांगणाऱ्यालाही.

कापसाच्या दिवसांत माझ्याकडे आता काट्याचे काम आहे. गाठोडे उचलायचे नाही. सायंकाळी वेचणाऱ्या बाया धुऱ्यावर येतात, भाऊ गाठोडे काट्याला अडकवतो आणि मी खुर्चीवर बसून, वही डोळ्यांसमोर धरून नाव आणि वजन लिहितो. परवा रांगेत मागे उभी असलेली, वर्षानुवर्षे आमच्याकडे वेचायला येणारी एक बाई सगळ्यांचे झाल्यावर थांबली. डोक्यावरचे गाठोडे उतरवून तिने हात झटकला, आणि पुन्हा झटकला. मग म्हणाली, “गुरुजी, तुमाले इचारू काय? माहाही हात रातच्याले भरून येते. बोटं बधिर होते.”

मी वही बाजूला ठेवली. झंपराचे हूक लावायला त्रास होतो काय, हातातून वस्तू सुटते काय, आणि अंधारात चालताना पाय भलतीकडे पडतो काय, असे तिला एकेक करून विचारले. हूक सूनच लावून देते, असे तिने सांगितले. परवा पाण्याची गुंडी हातातून सुटली. पायाचे विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मी तिला सांगितले की मान कोणाकडून मोडून घेऊ नको, डोक्यावर ओझे घेऊ नको, आणि उद्याच सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जा. पाहिजे तर मी सोबत येतो, सकाळची गाडी आहे.

तिने गाठोड्याकडे पाहिले, मग उरलेल्या पऱ्हाटीकडे पाहिले.

“जाईन ना जी,” ती म्हणाली. “येचनी झाल्यावर जाईन.”

भावाने काटा वर धरला. अडतीस किलो.